कारागृहात मारहाण झाली तर: पुण्यातील नातेवाइकांसाठी तक्रारीची वाट, पायरीपायरीने

कारागृहातील मारहाणीची प्रकरणे बहुधा पहिल्या आठवड्यातच हातची जातात. घटनास्थळ, साक्षीदार, कॅमेऱ्यातील चित्रण, औषधोपचाराची नोंद, इतकेच नव्हे तर मार खाल्लेला माणूससुद्धा ज्यांच्यावर आरोप आहे त्यांच्याच ताब्यात असतो, आणि अंगावरचे वळ कोणाची वाट पाहत थांबत नाहीत. म्हणून या लेखातील सगळ्या पायऱ्यांचे सूत्र एकच आहे: घटनेची नोंद कारागृहाच्या भिंतीबाहेर, तारखेसह, शक्य तितक्या लवकर आणि एकापेक्षा अधिक ठिकाणी उमटली पाहिजे. न्याय मिळेल की नाही हे पुढचे, आधी नोंद.

पुण्यातील कुटुंबांना याबाबतीत एक सोय आहे, आणि ती फारशी कोणी वापरत नाही. १८७१ मध्ये बांधलेले येरवडा मध्यवर्ती कारागृह, त्यालगतचे महिला कारागृह, राज्याच्या कारागृह महानिरीक्षकांचे मुख्य कार्यालय, शिवाजीनगरचे जिल्हा न्यायालय, त्याच आवारातील, मोफत वकील देणारे जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आणि ससून रुग्णालय ही सगळी ठिकाणे एकाच शहरात आहेत. गडचिरोलीच्या किंवा नंदुरबारच्या माणसाला जे अर्ज टपालाने पाठवून वाट पाहत बसावे लागते, ते पुणेकराला एका दिवसात प्रत्येक टेबलावर स्वतः नेऊन देता येतात आणि पोच घेता येते.

कायदा नेमके काय म्हणतो

तुरुंग अधिनियम, १८९४ प्रमाणे बंद्याने शिस्तभंग केला तर शिक्षा देण्याचा अधिकार अधीक्षकाला आहे, त्या शिक्षांची यादी कलम ४६ मध्ये आहे, आणि दिलेली शिक्षा नोंदवहीत लिहावी लागते. शिपायाने, हवालदाराने किंवा तुरुंगाधिकाऱ्याने स्वतःच्या मनाने हात उचलावा याला त्या चौकटीत कोठेही जागा नाही. दंगल आवरणे, पलायन रोखणे किंवा स्वसंरक्षण यांसाठी आवश्यक तेवढे बळ वापरता येते, आणि नेमका हाच खुलासा तक्रारीच्या उत्तरात हमखास येतो: बंदी अंगावर धावून आला, त्याला आवरताना किरकोळ खरचटले. या उत्तराची तयारी पहिल्या दिवसापासून ठेवावी. कारण आवरताना होणाऱ्या जखमा हातांवर, दंडांवर, खांद्यांवर असतात; तळपायांवर, नितंबांवर किंवा पाठीवर समांतर उठलेले वळ कोणाला आवरताना उठत नाहीत.

सर्वोच्च न्यायालयाचा या विषयावरील पाया ‘सुनील बत्रा विरुद्ध दिल्ली प्रशासन’ या नावाच्या दोन निकालांपैकी दुसऱ्याने, २० डिसेंबर १९७९ रोजी घातला. तिहारमधील एका वॉर्डरने नातेवाइकांकडून पैसे उकळण्यासाठी दुसऱ्या बंद्याचा अमानुष छळ केल्याचे बत्रा या बंद्याने न्यायमूर्तींना पत्राने कळवले आणि न्यायालयाने ते पत्रच याचिका म्हणून दाखल करून घेतले. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या त्या निकालाने बंद्यांसाठी तक्रारपेट्या ठेवण्यास, न्यायाधीशांनी व वकिलांनी कारागृहाला भेटी देण्यास आणि बंद्याशी गोपनीय बोलण्यास वाट करून दिली. म्हणजे साध्या कागदावरचे, अडखळत लिहिलेले पत्रसुद्धा पुरते. कायदेशीर भाषा येत नाही म्हणून थांबण्याचे कारण नाही.

पहिली पायरी: ऐकलेले लगेच, तपशिलाने लिहून काढणे

मारहाणीची बातमी बहुधा आडवाटेने येते. कोणी जामिनावर सुटलेला माणूस घरी येऊन सांगतो, तारखेला न्यायालयात आणलेला मुलगा बापाच्या कानाशी लागतो, किंवा मुलाखतीच्या, म्हणजे कारागृहातील भेटीच्या, काचेपलीकडून बायकोला नवऱ्याचा सुजलेला ओठ दिसतो. बातमी देणाऱ्याचे नाव, वेळ आणि त्याने वापरलेले शब्द त्याच संध्याकाळी वहीत लिहावेत. ज्या वहीत किराण्याचा हिशेब आहे तीही चालेल. तारीख आणि सही मात्र हवी.

मुलाखतीत वेळ थोडा असतो आणि आजूबाजूला कर्मचारी असतात. कारागृहातून येणारा फोनही खासगी समजू नये. म्हणून तेथे नावे घेऊन बंद्याला अडचणीत आणू नये. डोळ्यांना जे दिसते ते टिपावे. चालताना पाय घसटतो आहे का, हात वर उचलता येतो आहे का, बसताना अंग चोरले जाते आहे का, कपाळावर टाका आहे का. सविस्तर बोलणे वकिलाने करावे. तुरुंग अधिनियमाच्या कलम ४० प्रमाणे न्यायाधीन, म्हणजे खटला चालू असलेल्या, बंद्याला आपल्या वकिलाशी दुसरे कोणी जवळ नसताना बोलता यावे अशी तरतूद आहे, आणि वकिलाने ती लेखी अर्जात उद्धृत करून मागावी. वकील नसेल तर वकीलपत्रावर बंद्याची सही गेटमधून करून आणण्यात दिवस जातात; अशा वेळी विधी सेवा प्राधिकरणाचा वकील लवकर आत पोचतो.

वकिलाने विचारायच्या गोष्टी ठरलेल्या आहेत, पण त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी तारीख, वेळ आणि जागा: कोणते सर्कल (बराकींचा विभाग), कोणती बराक, झडतीची खोली की गेटजवळची मोकळी जागा. मग कोणी मारले, कशाने, शरीराच्या कोणत्या भागावर, साधारण किती वेळ. मग कोण पाहत होते. त्यानंतर, आणि हे बहुतेक वकील विसरतात, डॉक्टरकडे नेले का, डॉक्टरने काय विचारले आणि त्यांच्यासमोर कोण उभे होते. मारणाऱ्याचे नाव ठाऊक नसेल तर छातीवरची नावपट्टी, पद, टोपणनाव, उंची, कामाची पाळी असे जे मिळेल ते लिहावे. कारागृहातील पाळ्यांचा तक्ता नंतर न्यायालय मागवू शकते, आणि त्यावरून नाव निघते.

एक उदाहरण पुरे आहे. ‘माझ्या भावाला जेलमध्ये खूप मारले’ या वाक्याने काहीच होत नाही. ‘मंगळवारी सकाळची गिनती झाल्यावर, बराकीतून बाहेर काढून, पाण्याच्या टाकीमागे, दोन शिपायांनी प्लास्टिकच्या पाइपने दोन्ही तळपायांवर मारले, तिसरा, ज्याला सगळे एका टोपणनावाने हाक मारतात, त्याने पाय धरले होते, त्या रात्री त्याला पायात चप्पल घालता आली नाही’ या वाक्यात तपासासाठी लागणारे अनेक धागेदोरे आहेत, आणि प्रत्येक स्वतंत्रपणे पडताळता येतो.

मारणारा हात दुसऱ्या बंद्याचा असेल तरी गोष्ट संपत नाही. जुन्या शिक्षाबंद्यांना वॉचमन किंवा मुकादम नेमून त्यांच्याकडून बराकी आवरून घेण्याची पद्धत कर्मचाऱ्यांच्या अपुऱ्या संख्येमुळे फोफावली आहे, आणि कर्मचाऱ्याच्या इशाऱ्यावरून झालेली मारहाण ‘बंद्यांची आपापसातली भांडणे’ म्हणून खपवणे त्यामुळे सोपे जाते. अशा वेळी तक्रारीत दोन्ही नावे द्यावीत: ज्याने मारले तो, आणि जो त्या वेळी हजर असून गप्प राहिला तो.

दुसरी पायरी: वैद्यकीय तपासणी, आणि तीही बाहेरच्या डॉक्टरकडून

सगळ्या पायऱ्यांत ही सर्वांत निकडीची आहे. मुका मार लागलेल्या जागेचा रंग आधी लालसर, मग निळा-जांभळा, काही दिवसांनी हिरवट आणि शेवटी पिवळसर होत जातो. साधारण दोन आठवड्यांत तो दिसेनासा होतो. तळपायांवरच्या माराचे वळ तर त्याआधीच मिटतात, दुखणे मात्र चालताना कितीतरी दिवस राहते. कारागृहाच्या दवाखान्यातील डॉक्टर त्याच व्यवस्थेत काम करतात. त्यांच्यापैकी काही जण प्रामाणिकपणे नोंद करतात, पण त्या नोंदीवर विसंबून राहणे शहाणपणाचे नाही.

बंदी न्यायाधीन असेल तर ज्या न्यायालयात खटला आहे तेथेच अर्ज द्यावा. अर्जात चार गोष्टी मागाव्यात: बंद्याला प्रत्यक्ष हजर करावे; ससून रुग्णालयात तपासणी करावी; तपासणीच्या वेळी कारागृहाचा किंवा पहाऱ्याचा माणूस ऐकू येईल इतक्या अंतरावर नसावा; आणि अहवाल सीलबंद करून थेट न्यायालयाकडे पाठवावा. प्रत्यक्ष हजेरीचा आग्रह धरण्याचे कारण साधे आहे. आता बऱ्याच तारखा व्हीसीवर, म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्सवर, होतात, आणि पडद्यासमोर बसलेल्या बंद्याच्या बाजूला, कॅमेऱ्यात न दिसणारा, कर्मचारी उभा असतो. न्यायालयात उभे केल्यावर बंद्याने पहिलेच वाक्य मारहाणीचे बोलावे आणि सदरा वर करून दाखवावे. न्यायाधीशांनी ते रोजनाम्यात, म्हणजे त्या दिवशीच्या कामकाजाच्या नोंदीत, लिहून घ्यावे अशी विनंती वकिलाने तिथल्या तिथे करावी. रोजनाम्याची प्रमाणित प्रत त्याच दिवशी अर्ज करून मागावी.

डॉक्टरांच्या अहवालात प्रत्येक जखमेची जागा, लांबी-रुंदी, रंग आणि अंदाजे वय असले पाहिजे. शरीराच्या आकृतीवर खुणा असाव्यात आणि मोजपट्टी ठेवून छायाचित्रे घ्यावीत. हाडाची शंका असेल तर क्ष-किरण तपासणी. संयुक्त राष्ट्रांनी छळाच्या तपासणीसाठी आखलेला इस्तंबूल प्रोटोकॉल ही १९९९ पासूनची मान्य पद्धत आहे, आणि अर्जात तिचा उल्लेख केल्यास न्यायालयाला काय मागायचे हे नेमके कळते. ‘साधी दुखापत, उपचार केले’ इतकाच शेरा असलेला कागद हातात आला तर सविस्तर तपासणीसाठी दुसरा अर्ज करायला संकोच करू नये.

येथे एक जुना, पण कामाचा कागद असतो. तुरुंग अधिनियमाच्या कलम २४ प्रमाणे बंदी आत येताच त्याची तपासणी होऊन अंगावरच्या जखमा आणि खुणा वहीत लिहाव्या लागतात. आत येताना अंग स्वच्छ होते हे त्या नोंदीतून दिसले, तर ‘हे वळ पोलीस कोठडीतले’ असे नंतर म्हणता येत नाही. उलट मारहाण पोलीस कोठडीतच झाली असेल तर त्याच नोंदीत ती पकडली जाते. त्या पानाची मागणी पहिल्या अर्जातच करावी.

शिक्षाबंद्याला तारीख नसते, त्यामुळे त्याच्या बाबतीत प्रधान जिल्हा व सत्र न्यायाधीशांकडे आणि विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांकडे अर्ज द्यावा, आणि प्रकरण गंभीर असेल तर थेट उच्च न्यायालय गाठावे.

तिसरी पायरी: कॅमेऱ्यातील चित्रण रोखून ठेवणे

डी. के. बसू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१५ मध्ये राज्यांना सर्व कारागृहांत सीसीटीव्ही कॅमेरे बसवण्याचे आणि अचानक भेटी देणारे अशासकीय अभ्यागत (सरकारी नोकर नसलेले, पाहणी करणारे नागरिक) नेमण्याचे आदेश दिले. कॅमेरे आहेत, पण त्यांचे चित्रण ठरावीक दिवसांनी आपोआप पुसले जाऊन त्यावर नवे चढते. म्हणून ज्या दिवशी बातमी कळेल त्याच दिवशी अधीक्षकांना आणि महानिरीक्षकांना एक पानाचा अर्ज द्यावा: अमुक तारखेला, अमुक वेळेच्या आधीचे दोन तास आणि नंतरचे चार तास, अमुक सर्कलचे, तेथून दवाखान्याकडे जाणाऱ्या वाटेचे आणि दवाखान्याच्या दाराचे चित्रण जतन करावे. वाटेचे आणि दाराचे चित्रण मागण्यास लोक विसरतात. मारहाण कॅमेऱ्याच्या आड झाली असली तरी चालत गेलेला माणूस लंगडत परतला हे त्या वाटेवर दिसते.

माहिती अधिकारात हेच चित्रण मागितले तर सुरक्षेचे कारण देऊन नकार येण्याची शक्यता मोठी आहे. तरीही दहा रुपयांचा तो अर्ज करावा, आणि तो जीविताशी संबंधित असल्याने कलम ७(१) प्रमाणे ४८ तासांत उत्तर द्यावे असे त्यात स्पष्ट लिहावे. चित्रण मिळाले नाही तरी ते आपण वेळेत मागितले होते याचा पुरावा तयार होतो, आणि पुढे ‘चित्रण उपलब्ध नाही’ असे उत्तर आले तर न्यायालयाला त्यावरून प्रतिकूल निष्कर्ष काढण्यास आधार मिळतो.

चौथी पायरी: एकच अर्ज, अनेक दारे

अर्ज एकच लिहावा आणि वरचा पत्ता बदलून तो कारागृह अधीक्षक, कारागृह महानिरीक्षक, प्रधान जिल्हा व सत्र न्यायाधीश, विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव, जिल्हाधिकारी आणि येरवडा पोलीस ठाणे यांना द्यावा. प्रत्येक ठिकाणी आपल्या प्रतीवर आवक शिक्का घ्यावा; शिक्का द्यायला टाळाटाळ झाली तर तेथेच वाद न घालता रजिस्टर पोचदेय टपालाने आणि ईमेलने पाठवावा. अर्जाचा गाभा असा असू शकतो:

‘माझे पती आपल्या कारागृहात न्यायाधीन बंदी आहेत. दि. … रोजी सकाळी सुमारे … वाजता सर्कल क्र. … मध्ये कर्मचाऱ्यांनी त्यांना मारहाण केल्याचे मला दि. … रोजी मुलाखतीत समजले. त्यांच्या … या भागावर सूज व वळ मी स्वतः पाहिले आहेत. त्यांची ससून रुग्णालयात तातडीने तपासणी व्हावी, संबंधित वेळेचे सीसीटीव्ही चित्रण, दवाखान्याची नोंदवही, शिक्षा नोंदवही व त्या दिवशीचा कर्तव्यतक्ता जतन करावा, संबंधित कर्मचाऱ्यांना त्यांच्या बराकीपासून दूर ठेवावे आणि तक्रारीमुळे त्यांची मुलाखत, कॅन्टीन किंवा अन्य सोयी बंद करू नयेत, ही विनंती.’

स्वतः पाहिलेले आणि ऐकलेले वेगळे ठेवावे. रागाच्या भरात घातलेले एखादे अतिशयोक्त वाक्य पुढे उलटतपासणीत सगळ्या अर्जाला चिकटते.

विधी सेवा प्राधिकरणाविषयी थोडे अधिक सांगणे आवश्यक आहे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे कोठडीतील प्रत्येक व्यक्तीला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. कारागृहात प्राधिकरणाचे मदत केंद्र चालते, आणि १५१०० हा देशभराचा मदत क्रमांक आहे. पैसे देऊन नेमलेला वकील असला तरी प्राधिकरणाला कळवावे, कारण त्याचे सचिव न्यायिक अधिकारी असतात आणि त्यांची कारागृहाला होणारी भेट गेटवर अडवली जात नाही.

पोलीस तक्रार प्राधिकरणाकडे जाण्याचा सल्ला अनेकदा दिला जातो. ते पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी आहे. कारागृहाचे कर्मचारी वेगळ्या खात्याचे असल्याने तेथे वेळ घालवू नये.

पाचवी पायरी: गुन्हा नोंदवणे

महानिरीक्षकांनी खातेनिहाय चौकशी लावली म्हणजे काम झाले असे समजू नये. ती चौकशी नोकरीपुरती असते. मारहाण हा फौजदारी गुन्हा आहे. १ जुलै २०२४ नंतरच्या घटनेला भारतीय न्याय संहिता लागू होते: साधी दुखापत कलम ११५, गंभीर दुखापत कलम ११७, हत्याराने केलेली दुखापत कलम ११८, कबुली किंवा माहिती उकळण्यासाठी केलेली दुखापत कलम १२०. बंदी अनुसूचित जाती-जमातीचा असेल आणि जातीवरून मारहाण किंवा शिवीगाळ झाली असेल तर अत्याचार प्रतिबंधक कायद्याची कलमे पहिल्याच जबाबात यावीत. जातीवरून कामे वाटण्याच्या कारागृहांतील पद्धतीच सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी घटनाबाह्य ठरवल्या आहेत.

ठाण्यात दखलपात्र (वॉरंटशिवाय अटक करता येण्याजोग्या) गुन्ह्याची माहिती दिल्यावर गुन्हा नोंदवणे बंधनकारक आहे, हे ललिता कुमारी प्रकरणात २०१३ मध्ये घटनापीठाने सांगितले. प्रत्यक्षात ‘आधी जेलचा अहवाल येऊ द्या’ हे उत्तर मिळते. तेव्हा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे वरिष्ठ अधिकाऱ्यांना, म्हणजे पुणे शहरात पोलीस आयुक्तालयाला, लेखी कळवावे आणि त्यानेही काही झाले नाही तर प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे कलम १७५(३) खाली शपथपत्रासह अर्ज करावा. आधीच्या दोन्ही अर्जांच्या पोचा सोबत नसतील तर हा अर्ज तेथेच अडतो.

नव्या संहितेत एक अडथळाही आला आहे. लोकसेवकाच्या कर्तव्य बजावताना घडलेल्या कृत्याची तक्रार असेल तर कलम १७५(४) प्रमाणे दंडाधिकारी आधी वरिष्ठांचा अहवाल आणि त्या लोकसेवकाचे म्हणणे मागवतात. शिवाय कलम २१८ खालील पूर्वपरवानगीचा मुद्दा बचाव पक्ष काढतोच. म्हणून तक्रारीत सुरुवातीलाच लिहावे की बांधून ठेवलेल्या किंवा प्रतिकार न करणाऱ्या माणसाला मारणे हा कोणत्याही कर्तव्याचा भाग नाही. हे वाक्य नुसते लिहून भागत नाही, ते दाखवणारा तपशील द्यावा लागतो. पहिल्या पायरीतील वही येथे कामाला येते.

मारहाणीमागे पैशाची मागणी असेल, आणि ती पुष्कळदा असते, तर तो धागा वेगळा धरावा. बराक बदलून देण्यासाठी किंवा ‘त्रास होऊ नये’ म्हणून कोणा बाहेरच्या माणसाच्या मोबाइलवर यूपीआयने पैसे पाठवायला सांगितले जातात. पाठवले असतील तर व्यवहाराचा पुरावा आणि संभाषण जपून ठेवावे, अजून पाठवले नसतील तर पाठवण्याआधी लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या १०६४ या क्रमांकावर बोलावे.

आयोग आणि उच्च न्यायालय

मानवी हक्क आयोगाकडे तक्रार करायला वकील किंवा शुल्क लागत नाही, आणि घटनेपासून एक वर्षाची मुदत आहे. राष्ट्रीय आयोगाचा मदत क्रमांक १४४३३ आहे. राज्य आयोग मुंबईत बसतो. दोन्हीकडे एकाच वेळी तक्रार करू नये, कारण एका आयोगासमोर असलेले प्रकरण दुसरा हाती घेत नाही. आयोग अहवाल मागवतो, नुकसानभरपाईची शिफारस करतो. त्याच्याकडून अटकेची अपेक्षा ठेवू नये. पण आयोगाने मागितलेल्या अहवालाला कारागृहाला लेखी उत्तर द्यावे लागते, आणि ते उत्तर पुढे न्यायालयात फार उपयोगी पडते: त्यात कोणता कर्मचारी कोठे होता हे त्यांनीच लिहून दिलेले असते.

जिवाला धोका असेल, तपासणी होऊ दिली जात नसेल किंवा गुन्हाच नोंदवला जात नसेल तर संविधानाच्या अनुच्छेद २२६ खाली मुंबई उच्च न्यायालयात याचिका करावी. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झाले असले तरी पुणे जिल्हा त्यात नाही. पुण्याची याचिका मुंबईलाच जाते. भरपाईचा अधिकार नीलाबती बेहेरा प्रकरणात १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्टपणे मान्य केला आहे.

तक्रारीनंतरचा काळ

तक्रार केल्यावर बंदी त्याच भिंतींत राहतो, हे एकदाही विसरू नये. सूड असा उगवला जातो: मुलाखत नाकारणे, एकट्याला अंडा सेलमध्ये, म्हणजे एकांत कोठडीत, ठेवणे, दूरच्या कारागृहात रवानगी, आणि सर्वांत परिणामकारक म्हणजे उलट गुन्हा. जून २०१७ मध्ये मुंबईच्या भायखळा महिला कारागृहात न्याहारीतील अंडी आणि पाव कमी पडल्यावरून झालेल्या मारहाणीत एका बंदिनीचा मृत्यू झाल्याचा आरोप झाला; सहा कर्मचाऱ्यांना खुनाच्या गुन्ह्यात अटक झाली, ती आतील बंदिनी बोलल्या म्हणून. आणि त्याच घटनेनंतर निषेध करणाऱ्या बंदिनींवर दंगलीचा गुन्हाही नोंदवला गेला.

म्हणून साक्षीदार बंद्यांचे जबाब नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८३ प्रमाणे न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर लवकर नोंदवून घ्यावेत आणि साक्षीदार संरक्षण योजनेखाली अर्ज करावा. साक्षीदाराला जामीन मिळून तो गावी निघून गेला, तर त्याला शोधणे कुटुंबाच्या हाताबाहेरचे असते. आपल्या माणसाची बदली दुसऱ्या कारागृहात करून घ्यावी का, हा प्रश्न प्रत्येक कुटुंबाला पडतो. माझे मत असे आहे की वैद्यकीय तपासणी आणि साक्षीदारांचे जबाब होईपर्यंत बदली मागू नये; त्याऐवजी संबंधित कर्मचाऱ्यांना त्या सर्कलपासून दूर ठेवण्याचा आदेश मागावा. जिवावरचा धोका खरा वाटत असेल तर मात्र हा हिशेब बाजूला ठेवून बदलीच मागावी. दर आठवड्याला कोणीतरी मुलाखतीला जात राहावे. ज्याला भेटायला माणसे येतात त्याच्यावर हात टाकताना विचार केला जातो.

मृत्यू झाल्यास

कारागृहातून मृत्यूची बातमी आली तर पहिल्या काही तासांत वकील सोबत असावा. न्यायालयीन कोठडीतील मृत्यूची चौकशी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९६ प्रमाणे न्यायदंडाधिकाऱ्यांनीच करायची असते. नातेवाइकांना कळवून शक्यतो हजर राहू द्यायचे असते. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाला अशा मृत्यूची माहिती २४ तासांत देण्याचे निर्देश १९९० च्या दशकापासून लागू आहेत, आणि शवविच्छेदनाचे चित्रीकरण करण्याच्या सूचनाही आयोगाने दिलेल्या आहेत. तळपाय, मनगटे आणि पाठ यांची छायाचित्रे घेतली जात आहेत ना, हे विचारावे. चित्रीकरण झाल्याची लेखी खात्री होण्याआधी मृतदेह ताब्यात घेण्याच्या कागदावर घाईने सही करू नये, आणि शंका राहिली असेल तर दहन न करता दफन करण्याचा विचार करावा, कारण दुसरे शवविच्छेदन त्यामुळेच शक्य होते. धर्माचाराच्या दृष्टीने हे कठीण आहे, निर्णय कुटुंबाचा.

राज्य मंत्रिमंडळाने एप्रिल २०२५ मध्ये मंजूर केलेल्या धोरणाप्रमाणे कर्मचाऱ्यांच्या मारहाणीने झालेल्या मृत्यूसाठी वारसांना पाच लाख रुपये देण्याची तरतूद आहे. ही रक्कम फौजदारी तपासाची जागा घेत नाही, आणि ती घेताना ‘तक्रार नाही’ अशा आशयाच्या कोणत्याही कागदावर सही करण्याचे बंधन नाही.

एका प्रकरणापलीकडे

येरवड्याची अधिकृत क्षमता साधारण अडीच हजारांची, आणि गेली काही वर्षे तेथे त्याच्या दुपटीहून अधिक बंदी राहत आले आहेत. देशभरातही जागेपेक्षा बंदी अधिकच आहेत: राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीप्रमाणे २०२२ च्या अखेरीस ४,३६,२६६ जणांच्या जागेत ५,७३,२२० बंदी होते, आणि त्यांतील सुमारे ७६ टक्के न्यायाधीन होते. शेकडो माणसांच्या बराकीवर मोजके शिपाई नेमले की सुव्यवस्था धाकावर चालवली जाते. मग तो धाक शिपायाचा असो की मुकादमाचा. न्यायमूर्ती मुल्ला समितीने १९८३ मध्ये कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण, वेतन आणि संख्या यांवर शिफारशी केल्या होत्या. त्यानंतर २०१६ ची नमुना कारागृह नियमावली आणि २०२३ चा नमुना कायदा आला. छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर भारताने १९९७ मध्ये सही केली, विधी आयोगाने २०१७ मध्ये २७३ व्या अहवालात छळाविरुद्ध स्वतंत्र कायद्याचा मसुदाही दिला. करारास मान्यता मात्र अजून दिलेली नाही.

नागरिकांना, संघटनांना आणि वकिलांना यात पुण्यात बसून दोन-तीन ठोस गोष्टी करता येतात. कारागृहाचे अभ्यागत मंडळ किती वेळा भेटीला गेले, अशासकीय अभ्यागतांच्या किती जागा भरल्या आहेत, तक्रारपेटीची किल्ली कोणाकडे असते आणि ती किती दिवसांनी उघडली जाते, कॅमेऱ्यांचे चित्रण किती दिवस ठेवले जाते, हे माहिती अधिकारात दर सहा महिन्यांनी विचारावे. ही माहिती सुरक्षेच्या नावाखाली नाकारण्याजोगी नाही, आणि उत्तरे सारखी येत राहिली की जनहित याचिकेचा मजकूर आपोआप तयार होतो. पेटीची किल्ली अधीक्षकांच्याच टेबलात असेल तर त्या पेटीत कोणी चिठ्ठी टाकणार नाही, आणि सुनील बत्रा निकालाला ते अभिप्रेतही नव्हते.

दुसरे काम गर्दी कमी करण्याचे. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे पहिल्यांदाच आरोपी झालेल्या न्यायाधीन बंद्याने गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश आणि इतरांनी निम्मा काळ आत काढला असेल तर त्यांच्या सुटकेचा विचार व्हावा लागतो. फाशी किंवा जन्मठेपेचे गुन्हे आणि एकाहून अधिक खटले प्रलंबित असलेले बंदी यातून वगळले आहेत. पात्र बंद्यांसाठी न्यायालयाकडे अर्ज करणे ही अधीक्षकांची जबाबदारी आहे, आणि न्यायाधीन बंदी पुनर्विलोकन समितीच्या बैठकीत ही यादी तपासली जाते. आपल्या माणसाचे नाव त्या यादीत आहे का, हे विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जाऊन लेखी विचारता येते. अर्जात खटल्याचा क्रमांक, अटकेची तारीख आणि लावलेली कलमे एवढे लिहिले की पुरते.